माळव्यातील जलाशय आणि बाष्पीभवनाचे गणित

‘तळे आटले’ हे मराठीतील एक अत्यंत साधे वाक्य आहे. परंतु त्याच्या पोटात तीन निरनिराळ्या घटना दडलेल्या असतात. तळ्यातील काही पाणी माणसांनी व गुराढोरांनी वापरलेले असते, काही तळाच्या मातीतून खाली मुरलेले असते, आणि काही वर आकाशात उडून गेलेले असते. आटणे हे क्रियापद आपण दुधालाही लावतो. चुलीवरचे दूध आटते, बासुंदीसाठी ते आटवितात. उष्णतेने पाणी निघून जाते ही जाणीव त्या शब्दाने जपलेली आहे, यात शंका नाही. तथापि तळ्याच्या बाबतीत भाषा तिन्ही कारणांना एकाच शब्दात गुंडाळते, आणि जलाशयाचा जमाखर्च ठेवणाऱ्यास तर ती वेगळी केल्यावाचून गत्यंतर नसते. प्रस्तुत लेखात आम्हांस यांपैकी तिसऱ्या कारणाचा, म्हणजे बाष्पीभवनाचा, विचार करावयाचा आहे. मोठ्या जलाशयावरून किती पाणी उडून गेले याचा अंदाज संगणकावर गणिती प्रतिमानाच्या साहाय्याने कसा बांधतात, आणि त्या अंदाजावर कितपत विसंबावे, हे धार व देवास या दोन जिल्ह्यांतील पाण्याच्या आधारे आम्ही सांगणार आहोत.

हे दोन जिल्हे निवडण्याचे कारण केवळ पवारांच्या गाद्यांमुळे मराठी वाचकास वाटणारी जवळीक एवढेच नाही. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंच आहे. येथील जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने साठविलेल्या पाण्यावर काढावे लागतात. म्हणूनच तळी बांधण्याची परंपरा येथे फार जुनी आहे. धार नगरी साडेबारा तळ्यांची म्हणून ओळखली जाते, आणि तेथील मुंज तलाव परमार राजा वाक्पती मुंज याचे नाव आजही सांगतो. मांडवगडावर मुंज तलाव व कपूर तलाव यांच्यामध्ये जहाजमहाल उभा आहे. देवासास चामुंडेच्या टेकडीखाली मीठा तलाव आहे. परंतु परंपरा असली म्हणजे पाणी असतेच असे नव्हे. १९९० साली त्याच देवास शहराला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणून पुरवावे लागले होते.

जुनी तळी ही लहान प्रमाणावरची उदाहरणे झाली. आज या दोन जिल्ह्यांना जी मोठी पाणथळे स्पर्श करतात ती नर्मदेवरील आहेत. खंडवा जिल्ह्यातील पुनासा येथे बांधलेल्या इंदिरासागर धरणाचा फुगवटा खंडवा व हरदा यांबरोबर देवास जिल्ह्याच्या दक्षिण कडेलाही पोहोचतो. तो पूर्ण भरला म्हणजे त्याचा पृष्ठभाग सुमारे ९१३ चौरस किलोमीटर होतो आणि त्यात सुमारे १,२२० कोटी घनमीटर पाणी मावते. गुजरातेतील सरदार सरोवराचा फुगवटा २०० किलोमीटरांहून अधिक लांब असून धार जिल्ह्याच्या नर्मदाकाठापर्यंत येतो. त्याचा पृष्ठभाग सुमारे ३७५ चौरस किलोमीटर व साठा सुमारे ९५० कोटी घनमीटर आहे. इंदिरासागरासाठी २००४ साली हरसूद शहर उठले. सरदार सरोवर २०१९ साली १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत प्रथमच भरले, त्या पाण्यात धार जिल्ह्यातील निसरपूर, चिखलदा यांसारखी गावे गेली. ज्या पाण्यासाठी एवढी किंमत मोजली गेली, त्यातील किती पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता उडून जाते, हा प्रश्न निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

नर्मदेच्या पाण्याची वाटणी १९७९ सालच्या लवादाच्या निवाड्याने ठरलेली आहे. उपलब्ध धरलेल्या २८ दशलक्ष एकरफूट पाण्यापैकी मध्यप्रदेशास १८.२५, गुजरातेस ९, राजस्थानास ०.५ आणि महाराष्ट्रास ०.२५ असे भाग पडले. या चार वाटेकऱ्यांच्या जोडीला आकाश हा पाचवा वाटेकरी नेहमीच उभा असतो, आणि तो आपला भाग कोणास न विचारता घेतो. त्याच्या भागाचे प्रमाण ध्यानात यावे म्हणून एक साधे त्रैराशिक पाहू. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडाले तर ते एक लिटर होते. म्हणजे इंदिरासागर पूर्ण भरलेला असताना त्याच्यावरून एक मिलिमीटर पाणी उडणे म्हणजे ९१ कोटी ३० लाख लिटर पाणी जाणे होय. दरडोई रोज १०० लिटर धरल्यास ९१ लाख माणसांची एका दिवसाची ती गरज आहे. एक मिलिमीटर ही तर बोटाच्या नखाएवढी जाडी. आणि उन्हाळ्यातील एकेका दिवसाचे बाष्पीभवन याच्या कित्येक पट असते.

मग हे पाणी मोजीत का नाहीत, असा प्रश्न विद्यार्थी विचारील व तो योग्यच आहे. वरवर पाहता उपाय सोपा दिसतो. जलाशयात आलेले पाणी व त्यावर पडलेला पाऊस यांची बेरीज करावी, तीतून सोडलेले व मुरलेले पाणी वजा करावे, साठ्यातील वाढ किंवा घट जमेस धरावी. जी शिल्लक जुळणार नाही ती बाष्पीभवनाची. परंतु या रीतीत इतर सर्व मोजमापांच्या चुका त्या शिल्लकेत येऊन साचतात. नर्मदेच्या पुराचा प्रवाह मोजताना थोड्या टक्क्यांची चूक राहिली, तरी ती सबंध महिन्याच्या बाष्पीभवनाएवढी भरू शकते. शिवाय मुरलेले पाणी कोणास दिसत नाही. माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते, पण तिच्याखालच्या काळ्या पाषाणाच्या भेगा ते वाहून नेतात. लाखोंच्या उलाढालीतून चार आण्यांचा हिशेब शोधण्याचाच हा प्रकार होय.

दुसरा उपाय बाष्पीभवनपात्राचा. भारतीय हवामानखात्याच्या वेधशाळांत १२२ सेंटिमीटर व्यासाचे व सुमारे २५ सेंटिमीटर खोलीचे एक गोल पात्र लाकडी चौकटीवर ठेवलेले असते. पक्ष्यांनी पाणी पिऊ नये म्हणून त्यावर तारेची जाळी असते. रोज ठरल्या वेळी पाण्याची पातळी किती उतरली ते पाहतात. हे साधन स्वस्त व विश्वासू आहे. पण पात्र म्हणजे तळे नव्हे. उन्हाने पात्राच्या बाजू तापतात, भोवतालच्या जमिनीवरील कोरडी हवा थेट त्याच्यावर येते, आणि त्यातले थोडे पाणी सकाळी तापून रात्री निवते. त्यामुळे पात्रातून तळ्यापेक्षा अधिक पाणी उडते. वर्षाचा सरासरी हिशेब करताना पात्राच्या आकड्याचे सुमारे सात-दशांश घ्यावे, असा प्रघात पडला आहे. परंतु हे प्रमाण प्रत्येक महिन्यास व प्रत्येक जलाशयास सारखे लागू पडत नाही. का, ते समजण्यासाठी बाष्पीभवनाचे मर्म पाहिले पाहिजे.

ते मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट १८०२ साली इंग्लंडात जॉन डाल्टन याने मांडली. पाण्याच्या पृष्ठभागाशी लागून असलेली हवा बाष्पाने संतृप्त असते. तिच्यातील बाष्पाचा दाब आणि वरच्या हवेतील बाष्पाचा दाब यांत जेवढे अंतर, तेवढ्या प्रमाणात पाणी उडते, आणि वारा ती ओलसर हवा बाजूस सारून या कामास गती देतो. ओले धोतर दमट श्रावणात दिवसभर वाळत नाही व वैशाखात घटकाभरात वाळते, यात डाल्टनचा सर्व नियम आला. दुसरी गोष्ट ऊर्जेची. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४.५ लाख ज्यूल उष्णता लागते. ही उष्णता मुख्यतः सूर्यापासून मिळते. समजा, मे महिन्याच्या एका दिवशी चौरस मीटरमागे १५० लाख ज्यूल ऊर्जा बाष्पीभवनाच्या कामी आली, तर त्या दिवशी सुमारे सहा मिलिमीटर पाणी उडेल; अधिक उडावे म्हटले तरी ऊर्जेची थैली रिकामी झालेली असेल. हवेची तहान आणि सूर्याचे दान या दोन्ही मर्यादा १९४८ साली हॉवर्ड पेनमन या शास्त्रज्ञाने एका सूत्रात गुंफल्या, आणि त्यामुळे ऊन, तपमान, आर्द्रता व वारा या चार नेहमीच्या नोंदींवरून उघड्या पाण्याचे बाष्पीभवन काढणे शक्य झाले. कालिदासाने मेघदूतात मेघाची घटकद्रव्ये मोजताना तेज, पाणी व वारा यांची गणना केली आहे. पेनमनच्या सूत्रातही तीच येतात, हे साहित्याच्या अभ्यासकांस गमतीचे वाटेल.

खोल जलाशयात मात्र आणखी एक पात्र रंगभूमीवर येते, ते म्हणजे पाण्यात साठणारी उष्णता. दहा मीटर खोलीच्या पाण्याचे तपमान एका अंशाने वाढविण्यास चौरस मीटरमागे सुमारे ४१८ लाख ज्यूल लागतात. एवढ्या उष्णतेत १७ मिलिमीटर पाणी उडाले असते. म्हणजे वसंतात व ग्रीष्मात जलाशय तापत असताना सूर्याच्या दानाचा काही भाग लगेच खर्च न होता ठेवीसारखा तळाकडे जमा होतो, आणि पुढे हवा निवली व कोरडी झाली म्हणजे ती ठेव बाहेर पडून पाणी उडविते. वीतभर खोलीच्या पात्राजवळ अशी ठेव नसते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत पात्र जलाशयाचे बाष्पीभवन वाजवीपेक्षा फुगवून दाखविते, आणि पावसाळा सरल्यावर खोल पाण्यावरचे बाष्पीभवन पात्राच्या अंदाजाहून अधिक असू शकते. धारेच्या उथळ तळ्यांत हा फरक अल्प. नर्मदेच्या खोल पात्रात तो दुर्लक्षिता येणार नाही.

येथे संगणकाची गरज उत्पन्न होते. प्रतिमान हा शब्द ऐकून कित्येकांच्या डोळ्यांपुढे धरणाची छोटी मातीची प्रतिकृती उभी राहते. आम्हांस अभिप्रेत असलेले प्रतिमान तसे नाही. ते समीकरणांचे बनलेले असते. शिक्षकांस परिचित असा दाखला द्यावयाचा तर व्याकरण हे भाषेचे प्रतिमान आहे. व्याकरण स्वतः बोलत नाही. पण एखाद्या नव्या शब्दाची रूपे कशी होतील हे ते आगाऊ सांगू शकते, आणि लोकांच्या बोलण्याशी त्याचा मेळ बसला नाही तर दुरुस्ती व्याकरणात करावी लागते, लोकांत नव्हे. जलाशयाचे प्रतिमान असेच असते. संगणक कल्पनेने जलाशयाचे वरपासून तळापर्यंत अनेक थर पाडतो. मग प्रत्येक तासाला तो विचारतो : किती ऊन आत शिरले? त्यातले कोणत्या थरात किती शोषले गेले? वाऱ्याने वरचे थर किती घुसळले? पृष्ठभागाचे तपमान काय झाले? त्या तपमानास किती पाणी उडाले, आणि उडताना किती उष्णता घेऊन गेले? एका तासाचे उत्तर पुढच्या तासाचा आरंभ होते. यांतील प्रत्येक पायरी मॅट्रिकच्या मुलास करता येण्यासारखी आहे. परंतु वर्षाचे तास ८,७६० आणि थर वीस-पंचवीस, म्हणून हे काम यंत्राकडे सोपवावयाचे. उत्तर अमेरिकेतील पंच महासरोवरांसाठी टॉमस क्रोली यांनी १९८९ साली असेच एक उष्णताविषयक प्रतिमान तयार केले.

जाडी मिळाली म्हणजे हिशेब संपला असे नाही. तिला पृष्ठभागाने गुणावे लागते, आणि पृष्ठभाग रोज बदलतो. पातळी एक मीटर उतरली म्हणजे उभ्या काठाच्या जलाशयाचा विस्तार थोडाच घटतो, पसरट काठाच्या जलाशयाचा पुष्कळ घटतो. पूर्वी यासाठी धरण बांधण्यापूर्वीच्या मोजणीचे तक्ते वापरीत. गाळ साचल्यावर ते तक्ते जुने होतात. आता कृत्रिम उपग्रहांच्या छायाचित्रांवरून पाण्याची कड महिन्यामहिन्यास आखता येते. अशा चित्रांची व प्रतिमानाची सांगड घालून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातील १४ लाख २० हजार सरोवरांचे व जलाशयांचे १९८५ ते २०१८ या काळातील बाष्पीभवन काढण्यात आले. ते वर्षाला सरासरी सुमारे १,५०० घनकिलोमीटर भरले, व या काळात ते वाढत गेलेले आढळले. त्या अभ्यासातही दीडशे घनकिलोमीटर इकडेतिकडे होऊ शकतील, असे अंदाजाबरोबरच नमूद केले आहे.

ही मर्यादा सांगण्याची सचोटी हेच चांगल्या प्रतिमानाचे लक्षण होय. प्रतिमान खरे की खोटे हे संगणक ठरवीत नाही, प्रत्यक्ष निरीक्षण ठरविते. अमेरिकेतील ओक्लाहोमा संस्थानात हेफनर या जलाशयावर १९५० व १९५१ साली मोठे प्रयोग झाले, ते याच हेतूने : तेथे पाण्याचा जमाखर्च चांगला जुळत असे, म्हणून निरनिराळ्या सूत्रांची कसोटी घेता आली. पुढे २००८ पासून सुपीरियर सरोवरातील स्टॅनर्ड रॉक या किनाऱ्यापासून दूर असलेल्या दीपगृहावर यंत्रे बसवून हवेबरोबर वर जाणाऱ्या बाष्पाची थेट मोजणी सुरू झाली. त्या प्रचंड थंड सरोवरावरून सर्वाधिक पाणी उन्हाळ्यात उडत नसून शरद सरल्यावर व हिवाळ्यात उडते, हे त्या नोंदींनी स्पष्ट दाखविले. साठलेल्या उष्णतेविषयी प्रतिमान जे सांगत होते, त्याला हा भक्कम पुरावा मिळाला.

आपल्याकडील मोठी अडचण नोंदींची आहे. प्रतिमानास जलाशयाच्या मध्यावरचा वारा व आर्द्रता हवी असते. उपलब्ध असतो तो बहुधा गावातील वेधशाळेचा आकडा, झाडांच्या व इमारतींच्या आडोशास घेतलेला. विस्तीर्ण पाण्यावरून जाताना वाऱ्याचा वेग वाढतो, पण तीच हवा पुढे जाताना ओली होत जाऊन तिची तहान कमी होते. म्हणून एक ते दोन किलोमीटर रुंदीचे, नदीसारखे लांबट सरदार सरोवर आणि पसरलेला इंदिरासागर यांना एकच वाऱ्याचा गुणक लावणे धोक्याचे. तसेच धार जिल्ह्याचे पठार व विंध्याच्या घाटाखालचे निमाड यांची हवा निराळी आहे. धार शहराच्या नोंदी निसरपूरच्या पाण्यास जशाच्या तशा चालणार नाहीत. समजा, इंदिरासागराचा वर्षभराचा सरासरी पृष्ठभाग ६०० चौरस किलोमीटर व बाष्पीभवन दीड मीटर धरले, तर ९० कोटी घनमीटर पाणी उडते. या अंदाजात वीस टक्क्यांची चूक असली तर ती १८ कोटी घनमीटरांची होते. संगणकाने दशांशचिन्हापुढे चार अंक छापून दिले म्हणून ही चूक नाहीशी होत नाही.

असे असूनही या गणिताचा उपयोग फार मोठा आहे. साठ्याला पृष्ठभागाने भागले तर पूर्ण भरलेल्या इंदिरासागराची सरासरी खोली सुमारे १३ मीटर व सरदार सरोवराची सुमारे २५ मीटर येते. तेच पाणी पसरून ठेवले की अधिक उडते, खोल ठेवले की कमी. १९९९ साली राष्ट्रीय एकात्मिक जलसंपत्ती विकास आयोगाने देशाचा हिशेब करताना मोठ्या प्रकल्पांत उपयुक्त साठ्याच्या १५ टक्के, तर लहान प्रकल्पांत २५ टक्के पाणी बाष्पीभवनात जाते असे धरले, त्याचे कारण हेच. याचा अर्थ लहान तळी निरुपयोगी, असा मात्र कोणी काढू नये. देवास जिल्ह्यात २००६ साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीच्या सुमारे दहाव्या हिश्शात तळी खोदण्याची चळवळ सुरू केली. त्या तळ्यांना रेवासागर असे नाव मिळाले. ही तळी सप्टेंबरात भरतात आणि गहू-हरभऱ्याला हिवाळ्यात पाणी देऊन माघ-फाल्गुनापर्यंत बरीचशी रिकामी होतात. म्हणजे सूर्याचा तडाखा सुरू होण्यापूर्वीच शेतकरी आपला वाटा घेऊन मोकळा होतो. उथळ पाणी आधी वापरावे व खोल पाणी उन्हाळ्यासाठी राखावे, हा नियम प्रतिमानाच्या आकड्यांतून निघतो, आणि शेतकऱ्याचा व्यवहार त्याला दुजोरा देतो.

बाष्पीभवन रोखण्याचे उपायही याच हिशेबावर तोलले पाहिजेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पाण्यावर मेदयुक्त अल्कोहोलाचा एका रेणूच्या जाडीचा तवंग पसरून ते रोखण्याविषयी बरेच संशोधन झाले. वारा पडलेला असतो तोवर असा तवंग टिकतो. वाऱ्याने तो फाटून काठाला जातो, आणि बाष्पीभवन तर वाऱ्यातच अधिक. ओंकारेश्वरच्या जलाशयावर आता तरंगते सौरऊर्जाकेंद्र आले आहे. त्याने वीज मिळते व झाकलेल्या भागापुरते पाणीही वाचते. याच ओंकारेश्वरचे पाणी तीनशे मीटरांहून अधिक उंच चढवून २०१४ पासून क्षिप्रेत सोडण्यात येऊ लागले. विजेचे मोल देऊन वर आणलेल्या पाण्याचा थेंब वाया जाणे दुहेरी तोट्याचे, हे सांगावयास नको.

धारेच्या भोजराजाने भोजपूर येथे बांधविलेले अफाट सरोवर पुढे मांडवगडच्या होशंगशहाने फोडले. बांध फोडण्यास तीन महिने, पाणी निघून जाण्यास तीन वर्षे, आणि तळ वस्तीयोग्य होण्यास तीस वर्षे लागली, अशी आख्यायिका आहे. त्या सरोवरामागे माळव्याची हवाही पालटली, असे लोक सांगत आले. या समजुतीचा निर्णय आज कोणत्याही प्रतिमानाने होणार नाही, कारण त्या काळच्या वाऱ्याच्या व पाण्याच्या नोंदी कोणी ठेवल्या नाहीत. पुढील पिढीने आपल्याविषयी तसेच म्हणू नये. धार-देवासच्या शाळांतून एक पर्जन्यमापक, एक बाष्पीभवनपात्र आणि गावतळ्याच्या काठाशी पातळीची एक खूणपट्टी ठेवणे कोणत्याही शिक्षकाच्या आवाक्यातले आहे. रोज एकाच वेळी, एकाच हाताच्या प्रामाणिकपणाने लिहिलेली दहा वर्षांची वही महागड्या संगणकालाही स्वतःच्या बळावर निर्माण करता येत नाही. त्याला ती बाहेरूनच द्यावी लागते. तळे आटले, एवढ्यावर न थांबता त्यातले किती मुरले, किती वापरले व किती उडाले हे विद्यार्थ्यांकडून लिहून घेण्यास आरंभ करावा, अशी आमची शिक्षकबंधुभगिनींस विनंती आहे.